टीसीपी असतानाही सर्व्हरची मेमरी का फुगते? हळू क्लायंटचे काय करायचे, याबद्दल

नमस्कार. उत्तराआधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे भागात बसवलेल्या पर्जन्यमापकांचे व नदीची पातळी मोजणाऱ्या उपकरणांचे आकडे तुमच्या सर्व्हरवर येतात. सर्व्हर पायथनच्या ॲसिंकआयओवर (एकाच थ्रेडमध्ये अनेक कनेक्शने सांभाळणारी लायब्ररी) लिहिलेला आहे. आलेला प्रत्येक आकडा त्या क्षणी जोडलेल्या सगळ्या क्लायंटना जातो. त्यात कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीन आहेत आणि गावागावांतले मोबाईलही. मे महिन्यापर्यंत सगळे सुरळीत होते. पाऊस लागला आणि प्रोसेसची मेमरी चढत चढत जाऊन काही तासांनी लिनक्स ती प्रोसेस मारून टाकू लागला. तुम्ही विचारलेत ते असे: टीसीपीत, म्हणजे बाइट क्रमाने पोचवणाऱ्या नेटवर्कच्या नियमांत, फ्लो कंट्रोल (घेणाऱ्याच्या वेगाप्रमाणे पाठवणाऱ्याला आवरणे) आहेच, मग असे का होते, आणि रॅम वाढवून भागेल का?

रॅम वाढवून भागणार नाही. आणि टीसीपीचा यात काही दोष नाही, त्याने आपले काम चोख केले आहे. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, असे मला वाटते: जेव्हा एखादा क्लायंट मागे पडतो तेव्हा त्याच्यासाठी कोणी थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि थांबणे शक्य नसेल तर काय टाकून द्यायचे, हे तुमच्या प्रोग्राममध्ये कुठेच ठरवलेले नाही. कुणीच ठरवले नाही म्हणजे तो निर्णय आपोआप मेमरीकडे जातो, आणि मेमरी एकच निर्णय देऊ शकते.

आधी साखळी नेमकी कुठे तुटते ते पाहू. वाळपईच्या पलीकडे डोंगरात असलेला एक मोबाईल धरा. पावसात सिग्नलची एकच काडी उरली आहे. तुमच्या सर्व्हरने पाठवलेले बाइट आधी तुमच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेंड बफरमध्ये, म्हणजे पाठवण्याआधी बाइट साठवण्याच्या जागेत, जातात, तिथून नेटवर्कवर, मग मोबाईलच्या कर्नलच्या रिसीव्ह बफरमध्ये, आणि शेवटी तिथले ॲप ते वाचते. ॲप वाचत नसेल तर त्याचा रिसीव्ह बफर भरतो आणि पोचपावतीत जाहीर होणारी विंडो (आणखी किती बाइट घेता येतील तो आकडा) शून्यावर येते. ही व्यवस्था १९८१ च्या आरएफसी ७९३ या टीसीपीच्या मानकाइतकी जुनी आहे. ॲप वाचते आहे पण वाटच अरुंद आहे, अशा वेळी विंडो उघडी असते, पण पोचपावत्या उशिरा येतात, पॅकेट हरवतात, आणि गर्दी आवरणारा टीसीपीचा दुसरा भाग वेग कमी करतो. कारणे दोन, पण तुमच्या बाजूला परिणाम एकच: सेंड बफर रिकामा होत नाही.

तो भरल्यावर काय होते हे महत्त्वाचे आहे. प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड अशा जुन्या पद्धतीच्या सर्व्हरमध्ये सेंड करणारा थ्रेड तिथेच अडकून पडला असता. म्हणजे पुढचा मेसेज तयारच झाला नसता, आणि दाब आपसूक मागे पोचला असता. इव्हेंट लूपला, म्हणजे सगळी कनेक्शने आळीपाळीने पाहणाऱ्या ॲसिंकआयओच्या फेऱ्याला, असे अडकून चालत नाही, कारण त्याच एका लूपवर बाकीची शेकडो कनेक्शने चालू असतात. म्हणून सॉकेट (कनेक्शनचे प्रोग्राममधले टोक) नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न अडकणारे, ठेवलेले असते, कर्नल 'आत्ता जागा नाही' असा एरर देतो, आणि फ्रेमवर्क उरलेले बाइट स्वतःच्या बफरमध्ये ठेवून तुमच्या कोडकडे शांतपणे परत येतो. तुमच्या कोडला वाटते, गेला मेसेज. राइट() (पाठवण्याची आज्ञा) कधीच थांबत नाही त्याचे कारण हे. टीसीपीने 'थांबा' असा निरोप फ्रेमवर्कपर्यंत नीट आणून दिला होता. तो तुमच्यापर्यंत आलाच नाही. आणि फ्रेमवर्कच्या या बफरला वरची मर्यादा नसते, हे नीट लक्षात ठेवा.

थोडे गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. शंभर उपकरणे, प्रत्येकाचा दर दहा सेकंदांनी एक मेसेज, प्रत्येक मेसेज २०० बाइटचा. म्हणजे एका क्लायंटला सेकंदाला दहा मेसेज, २,००० बाइट. मोबाईलच्या वाटेने सेकंदाला १,००० बाइटच जात असतील तर दर सेकंदाला १,००० बाइट मागे उरतात. तासाला ३६ लाख बाइट, म्हणजे साधारण साडेतीन एमबी. एका क्लायंटपुरते हे काहीच नाही. असे तीनशे क्लायंट झाले की तासाला एक जीबी. म्हणूनच तुमचा सर्व्हर सुरू केल्याबरोबर पडत नाही, काही तासांनी पडतो, आणि पाऊस जोरात असेल तेव्हा लवकर पडतो. रॅम दुप्पट केलीत तर तो दुप्पट वेळाने पडेल, इतकेच. फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्या उभ्या करायची जागा वाढवली म्हणून फेऱ्या वाढत नाहीत; रांगेतल्या शेवटच्या गाडीची वाट मात्र लांबते. इथेही तेच: मेमरी संपण्याच्या कितीतरी आधी त्या मोबाईलवर तासाभरापूर्वीची नदीची पातळी 'आत्ताची' म्हणून दिसू लागलेली असते. मला विचाराल तर प्रोसेस मरण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. प्रोसेस मेली तर निदान कुणाला तरी कळते.

आता उपायाकडे. ॲसिंकआयओत राइट()च्या जोडीला ड्रेन() आहे. बफर वरच्या खुणेच्या वर गेला असेल तर 'अवेट ड्रेन' तुम्हाला थांबवतो, आणि बफर खालच्या खुणेपर्यंत उतरला की सोडतो. वरची खूण मुळात ६४ केबीची असते, खालची तिच्या एक चतुर्थांश. दोन खुणा अशासाठी, की एकाच रेषेवर थांब-चाल थांब-चाल होत राहू नये. सेट राइट बफर लिमिट्स वापरून दोन्ही बदलता येतात.

ड्रेनबद्दल दोन गैरसमज मी वारंवार पाहतो. पहिला, ड्रेन परत आला म्हणजे डेटा पोचला. तसे नाही. बफर खुणेच्या खाली आहे एवढेच तो सांगतो. ६० केबी पडून असतील तरी तो तत्काळ परत येतो. दुसरा, 'अवेट' लिहिले म्हणजे लूपला दुसऱ्या टास्ककडे वळायची संधी मिळाली. बफरमध्ये जागा असेल तर ड्रेन कुणालाही संधी न देता तसाच पुढे जातो. त्यामुळे वेगवान क्लायंटला मोठी फाइल पाठवणारा घट्ट लूप ड्रेन असूनही बाकीच्यांना ताटकळत ठेवू शकतो. अशा लूपमध्ये अधूनमधून शून्य सेकंदाचा स्लीप घालावा.

तुम्ही उद्या दुसऱ्या फ्रेमवर्ककडे वळलात तरी कल्पना हीच राहते. ट्विस्टेडमध्ये प्रोड्यूसर (डेटा तयार करणारा भाग) नोंदवावा लागतो आणि ट्रान्सपोर्ट (कनेक्शन सांभाळणारा भाग) त्याला पॉझ व रिझ्यूम करतो. नोडमध्ये राइट फॉल्स परत देतो आणि पुढे ड्रेन इव्हेंट येतो. बरेच जण तो फॉल्स पाहतच नाहीत. नेटीमध्ये चॅनल राइटेबल आहे का ते विचारायचे असते, खुणा मुळात ३२ आणि ६४ केबीच्या. सगळीकडे फ्रेमवर्क फक्त खूण दाखवतो. ऐकायचे की नाही, ते तुमच्यावर सोडलेले असते.

मग सगळ्या क्लायंटच्या लूपमध्ये राइटखाली एक ड्रेन घातला की झाले? तुम्ही हे करून पाहाल म्हणून आधीच सांगतो, करू नका. एका मागोमाग एक क्लायंटला लिहून प्रत्येकासाठी थांबलात, तर डोंगरातला एक मोबाईल पणजीतल्या सगळ्या स्क्रीन अडवून धरील. सगळे ड्रेन गॅदरने (सगळे पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनने) एकत्र केलेत तरी प्रत्येक फेरी सर्वांत हळू क्लायंटच्या वेगाने चालेल. आणि तो वैताग टाळायला प्रत्येक मेसेजसाठी क्रिएट टास्कने वेगळा टास्क सोडलात, तर जी रांग आधी बफरमध्ये होती ती आता हजारो अर्धवट टास्कच्या रूपात उभी राहील. तिला क्यू हे नाव नसल्यामुळे ती मोजायचेही कुणाला सुचत नाही.

नीट रचना अशी: प्रत्येक क्लायंटला त्याची स्वतःची मर्यादित रांग आणि त्या रांगेतून काढून लिहिणारा, ड्रेनसाठी थांबणारा एकच टास्क. आकडे स्वीकारणारा भाग कधीही कुठल्या क्लायंटसाठी थांबत नाही; तो रांगेत ठेवतो आणि पुढे जातो. ॲसिंकआयओचा क्यू मॅक्ससाइझ न देता बनवला तर अमर्याद असतो, तेव्हा आकडा द्यायला विसरू नका. 'पुट नोवेट' वापरा. रांग भरलेली असेल तर तो क्यूफुल एक्सेप्शन देतो. ते एक्सेप्शन जिथे तुम्ही पकडता ती ओळ मला तुमच्या सगळ्या प्रोग्राममधली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे धोरण लिहायचे असते.

इथे थोडा थांबतो, कारण खरा विचार इथे आहे. दाब मागे पोचवणे हे उत्तर तेव्हाच पुरते, जेव्हा मागे कुणीतरी थांबू शकते. फाइल डाउनलोड असेल तर डिस्कवरून वाचणे थांबवता येते. पाऊस थांबवता येत नाही. तुमच्या थेट आकड्यांचा उगम कुणाच्या सांगण्याने थांबणारा नाही, म्हणून तिथे नुसता बॅकप्रेशर (दाब मागे पोचवणे) लावला तर रांग एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल. तेव्हा बाइट बाजूला ठेवून मेसेजकडे पाहा. तुमच्या वर्णनावरून मला तीन वेगळ्या जातीचे मेसेज दिसतात, आणि तिन्ही तुम्ही आज एकाच नळीतून एकाच नियमाने पाठवता आहात.

पहिली जात थेट आकड्यांची. मोबाईल मागे पडलेला असताना अंजुणे धरणाच्या खालच्या बाजूच्या एखाद्या उपकरणाचे गेल्या पाच मिनिटांतले तीस आकडे त्याच्यासाठी साचवून ठेवण्यात काय अर्थ आहे? स्क्रीनला शेवटचा हवा असतो. म्हणून इथे रांगच ठेवू नका. प्रत्येक क्लायंटसाठी एक डिक्शनरी ठेवा: उपकरणाचा क्रमांक ही किल्ली, शेवटचा आकडा ही किंमत. नवा आकडा आला की जुन्यावर लिहायचा. पाठवणारा टास्क मोकळा झाला की साचलेली सगळी डिक्शनरी उचलतो, तिच्या जागी रिकामी ठेवतो, उचललेली पाठवतो आणि ड्रेनसाठी थांबतो. वेगवान क्लायंटला प्रत्येक आकडा मिळतो, हळू क्लायंटला कमी वेळा मिळतो, पण जे मिळते ते ताजे. आणि मेमरीचे गणितच बदलते: शंभर उपकरणांचे शंभर आकडे, एका क्लायंटमागे २० केबी, तीनशे क्लायंट कितीही हळू असले तरी सहा एमबी. पायथनच्या ऑब्जेक्टचा बोजा धरून याच्या काही पट म्हणा, तरी तो आकडा तासागणिक वाढत नाही.

यासोबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आकड्याबरोबर तो मोजल्याची वेळ पाठवा आणि ती स्क्रीनवर ठळक दाखवा. ठरावीक वेळेपेक्षा जुना आकडा फिकट करा. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला दहा मिनिटांपूर्वीचा आकडा दहा मिनिटांपूर्वीचा म्हणून दिसला तर तो त्याप्रमाणे ठरवू शकतो. वेळ न दाखवता दिसला तर आपण त्याला फसवतो आहोत.

दुसरी जात इशाऱ्यांची: पातळी धोक्याच्या रेषेवर गेली. हे टाकायचे नाहीत आणि थेट आकड्यांच्या मागे रांगेत उभेही करायचे नाहीत. त्यांची छोटी वेगळी रांग ठेवा आणि पाठवणाऱ्या टास्कने दर फेरीला आधी ती पाहावी. ती रांगही भरली, तर त्या क्लायंटशी चाललेला संवाद तुटला आहे असे समजून कनेक्शन तोडा. तोडणे ऐकायला कठोर वाटते, पण प्रत्येक इशाऱ्याला चढता क्रमांक देऊन तो डेटाबेसमध्ये ठेवला असेल तर क्लायंट परत जोडताना 'मला अमुक क्रमांकापर्यंत मिळाले' असे सांगतो आणि पुढचे सगळे क्रमाने घेतो. अर्धमेल्या कनेक्शनवर आशेने थांबण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे.

तिसरी जात मागच्या नोंदींची: कुणीतरी गेल्या आठवड्याचा पाऊस मागतो. इथे एकही ओळ गाळायची नाही, पण घाईही नाही, आणि उगम, म्हणजे तुमचा डेटाबेस, थांबू शकतो. साधा बॅकप्रेशर शोभतो तो इथे. सगळ्या ओळी एकदम मेमरीत न आणता कर्सरने पाचशे-पाचशे आणा, लिहा, ड्रेनसाठी थांबा, मग पुढच्या पाचशे. शक्य असेल तर हे वेगळ्या कनेक्शनवर ठेवा, म्हणजे मोठ्या डाउनलोडमागे थेट आकडे अडकत नाहीत.

ही वर्गवारी तुमच्या वर्णनावरून केलेली आहे. तुमच्याकडे एखादा क्लायंट असा असेल की जो प्रत्येक थेट आकडा स्वतः साठवून त्यावर अभ्यास करतो, तर त्याला 'शेवटचाच आकडा' हा नियम चालणार नाही. तो तिसऱ्या जातीत जाईल. हे टीसीपीला कधीच कळणार नाही, फ्रेमवर्कलाही नाही. ते दोघे बाइट मोजतात. कुठला मेसेज जुना झाल्यावर निरुपयोगी होतो, हे ज्याला पावसाचा आकडा म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यानेच ठरवायचे.

डिक्शनरीची युक्ती केल्यावर एक अडचण राहते. जो आकडा तुम्ही फ्रेमवर्कच्या किंवा कर्नलच्या बफरमध्ये टाकला तो परत घेता येत नाही. ६४ केबीची वरची खूण म्हणजे आपल्या हिशोबाने तीनशेहून जास्त मेसेज. सेकंदाला १,००० बाइटच्या वाटेवर एका मिनिटाहून अधिक शिळेपणा. शिवाय लिनक्सचा सेंड बफर मुळात १६ केबीपासून सुरू होऊन गरजेप्रमाणे वाढतो, कमाल मर्यादा साधारणपणे ४ एमबीची. हळू वाटेवर तो इतका वाढतोच असे नाही, पण जे काही तिथे साचते ते तुमच्या हाताबाहेर गेलेले असते. थेट आकड्यांच्या कनेक्शनवर मी वरची खूण ४ ते ८ केबीवर आणतो आणि सॉकेटचा सेंड बफरही लहान करतो. सेंड बफरला आकडा देताना दोन गोष्टी लक्षात असू द्या: लिनक्स तो दुप्पट करून घेतो, आणि तुम्ही हाताने दिला की आपोआप वाढणे बंद होते. म्हणून हा बदल मागच्या नोंदींच्या कनेक्शनवर करू नये, तिथे उगाच वेग जाईल.

आता मेलेल्या क्लायंटबद्दल. पावसाळ्यात हे तुम्हाला रोज भेटणार. चोर्ला घाटात गाडी शिरली आणि सिग्नल गेला, तर मोबाईल तुम्हाला 'येतो' म्हणून सांगत नाही. तुमच्या कर्नलला वाटते की पॅकेट हरवले, आणि तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत हार मानायला पंधरा मिनिटे तरी लागतात. कीपअलाइव्हवर, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या टीसीपीच्या सोयीवर, विसंबू नका. त्याची पहिली चौकशी मुळात दोन तासांनी होते, आणि पोचपावती न आलेला डेटा पडून असताना ते कामालाच येत नाही. पोचपावती न आल्यास किती वेळाने कनेक्शन तोडायचे ते ठरवणारा टीसीपी यूझर टाइमआउट हा सॉकेटचा पर्याय इथे उपयोगी पडतो.

पण याहून अवघड एक प्रकार आहे. मोबाईल जिवंत आहे, त्याचा कर्नल विंडो शून्य असल्याचे इमानदारीने सांगतो आहे, फक्त ॲप गोठलेले आहे. टीसीपीच्या नियमांप्रमाणे असे कनेक्शन अनंत काळ चालू राहू शकते, कारण पलीकडून उत्तर येते आहे. म्हणून ड्रेनला तुमची स्वतःची वेळमर्यादा हवी. वेट फॉरमध्ये गुंडाळून थेट आकड्यांना वीस-तीस सेकंद द्या. मागच्या नोंदींना जास्त द्यायला हरकत नाही. वेळ संपली की कनेक्शन तोडा, आणि तोडताना क्लोज() वापरू नका. ॲसिंकआयओचा क्लोज आधी बफरमधला उरलेला डेटा पाठवून संपवायचा प्रयत्न करतो. ज्या क्लायंटकडे काहीच जात नाही त्याच्यासाठी याचा अर्थ बफर तसाच मेमरीत राहणार. ट्रान्सपोर्टचा अबॉर्ट() बफर टाकून देऊन लगेच सुटका करतो. 'क्लायंट तोडले तरी मेमरी उतरत नाही' अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी ही ओळ शोधतो.

आतापर्यंत बाहेर जाणाऱ्या बाजूचे पाहिले. आत येणाऱ्या बाजूला चित्र जरा वेगळे आहे. पाऊस थांबत नाही, पण तुमचे डेटा लॉगर (उपकरणांचे आकडे नोंदवून पाठवणारी यंत्रे) थांबू शकतात, कारण त्यांच्याकडे स्वतःची साठवण असते असे तुम्ही लिहिले आहे. हे मोठे भांडवल आहे, ते वापरा. ॲसिंकआयओच्या स्ट्रीम रीडरची (येणारे बाइट वाचणाऱ्या भागाची) मर्यादा मुळात ६४ केबी असते. न वाचलेला डेटा तिच्या दुप्पट झाला की ॲसिंकआयओ सॉकेटवरून वाचणे स्वतःहून थांबवतो, कर्नलचा बफर भरतो, विंडो मिटते आणि लॉगर थांबतो. साखळी शाबूत आहे. तुम्ही फक्त ती तोडू नका. प्रत्येक ओळ वाचून डेटाबेसमध्ये लिहिण्यासाठी वेगळा टास्क सोडलात की तोडलीत. वाचा, मर्यादित रांगेत ठेवा, रांग भरली असेल तर 'अवेट पुट'ने थांबा. डेटाबेसमध्ये लिहिणारे दोन-तीनच टास्क ठेवा आणि त्यांना ओळी गठ्ठ्याने लिहू द्या. म्हणजे आत येणाऱ्या बाजूला रांग भरली की थांबायचे, बाहेर जाणाऱ्या बाजूला रांग भरली की निवडून टाकायचे. एकाच प्रोग्राममध्ये हे दोन्ही नियम नांदतात, यात विसंगती नाही.

याची परीक्षा होते ती वीज गेल्यावर. एका भागातली वीज दोन तास गेली आणि आली की तिथले सगळे लॉगर एकाच मिनिटात परत जोडतात आणि प्रत्येकजण साठवलेले दोन तासांचे आकडे ओतू लागतो. त्याच वेळी सगळे क्लायंटही परत जोडून मागच्या नोंदी मागतात. इथे तीन गोष्टींनी भागते: परत जोडण्याआधी प्रत्येकाने थांबायची वेळ यदृच्छ ठेवणे, एका वेळी किती मागच्या नोंदी पुरवायच्या त्यावर सेमाफोर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांवरची मर्यादा), आणि साठवलेले जुने आकडे डेटाबेसमध्ये जाऊ देऊन थेट प्रसारणात मात्र न पाठवणे. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते, आणि मग स्क्रीनवर दोन तासांपूर्वीची पातळी क्षणभर झळकून लोक घाबरतात.

टीसीपीची पोचपावती लॉगरला काय सांगते, तेही नीट पाहा. ती सांगते की बाइट तुमच्या कर्नलपर्यंत आले. डेटाबेसमध्ये गेले, असे ती सांगत नाही. लॉगरने त्या भरवशावर आपली साठवण पुसली आणि तुमची प्रोसेस त्याच क्षणी मेली, तर ते आकडे कायमचे गेले. म्हणून डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर तुमच्या प्रोग्रामने स्वतःची पोचपावती द्यावी: 'क्रमांक ४५१२ पर्यंत जमा.' आणि लॉगरने पावती न आलेले ठरावीकच मेसेज, समजा पन्नास, एका वेळी वाटेत ठेवावेत. ॲप्लिकेशन पातळीवरचा फ्लो कंट्रोल म्हणतात तो खऱ्या अर्थाने हा. एचटीटीपी/२ मध्ये टीसीपी खाली असूनही प्रत्येक स्ट्रीमला (एकाच कनेक्शनमधल्या स्वतंत्र प्रवाहाला) वेगळी विंडो दिलेली आहे, सुरुवातीला ६५,५३५ बाइटची, ती याच कारणासाठी: एक स्ट्रीम अडला म्हणून त्याच कनेक्शनवरचे बाकीचे अडू नयेत. एमक्यूटीटी या उपकरणांच्या मेसेज-प्रोटोकॉलच्या पाचव्या आवृत्तीत रिसीव्ह मॅक्सिमम आहे, तो पावती न आलेल्या मेसेजांची संख्या बांधतो. तुमचे लॉगर ही आवृत्ती बोलत असतील तर स्वतःची पावती नव्याने घडवत बसू नका, आहे ती वापरा.

एक सावधगिरी. सर्व्हर 'माझे लिहिणे अडले आहे, म्हणून मी वाचणेही थांबवतो' असे करत असेल आणि पलीकडचा 'माझे सगळे लिहून होऊ दे, मग वाचतो' असे करत असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे बसतात. प्रोसेसर मोकळा, मेमरी स्थिर, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि काम शून्य. दोन्ही बाजूंना वाचणे आणि लिहिणे वेगळ्या टास्कमध्ये असले की ही गाठ बसत नाही.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर कोड बदलण्याआधी मोजा. सर्व्हरवर एसएस ही कनेक्शनची यादी दाखवणारी आज्ञा टीसीपीच्या पर्यायासह चालवा आणि सेंड-क्यू, रिसीव्ह-क्यू हे दोन स्तंभ पाहा. सेंड-क्यू मोठा म्हणजे पलीकडचा किंवा वाट हळू. रिसीव्ह-क्यू मोठा म्हणजे तुमचाच प्रोग्राम वाचत नाही. फ्रेमवर्कचा बफर या आज्ञेत दिसत नाही, त्यासाठी प्रत्येक ट्रान्सपोर्टला गेट राइट बफर साइझ विचारा आणि दर मिनिटाला सर्वांत मोठे पाच आकडे लॉगमध्ये लिहा. माझा अंदाज बरोबर असेल तर वाढलेली बहुतेक मेमरी काही मोजक्या क्लायंटच्या नावावर सापडेल.

बदल केल्यावर पावसाची वाट पाहू नका, दोन चाचण्या टेबलावरच करता येतात. एका क्लायंट प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन गोठवा. तिचा कर्नल जिवंत राहील आणि विंडो शून्यावर जाईल. दुसऱ्या यंत्रावर टीसी नेटएम (नेटवर्क मुद्दाम हळू करणारे लिनक्सचे साधन) लावून वाट सेकंदाला एक-दोन केबीवर आणा, मग पॅकेट पूर्ण टाकायला लावा. दोन्ही वेळा सर्व्हरची मेमरी सपाट राहिली पाहिजे, बाकीच्या क्लायंटचे आकडे वेळेवर यायला हवेत, आणि तुम्ही ठरवलेल्या वेळी गोठलेला क्लायंट अबॉर्ट झाल्याची ओळ लॉगमध्ये दिसली पाहिजे. चाचणी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा. कमी वेळेत कर्नलचे बफर भरत नाहीत आणि सगळे ठीक असल्यासारखे दिसते.

मोजून झाले की मला दोन गोष्टी कळवा: सर्वांत मोठे पाच बफर किती निघाले, आणि तुमच्या क्लायंटपैकी कुणाला प्रत्येक आकडा हवा आहे. रांगेची लांबी आणि वेळमर्यादा यांचे नेमके आकडे त्यावर ठरवता येतील.